गुंड्याची साखर आणि माझं गणित

मांजराला मधुमेह होतो हे ज्यांना नुकतंच कळलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मलाही एका सकाळी असंच कळलं आणि मी आधी फिस्सकन हसले. मग डॉक्टर हसत नाहीयेत हे लक्षात आलं.

औषधाची माहिती डॉक्टर देतीलच. मी सांगणार आहे ते घरात काय होतं त्याबद्दल. आणि आमचा गुंड्या यातून उठला हे आधीच सांगून टाकते, कारण असलं काही वाचताना मी स्वतः शेवटचं पान आधी बघते.

गुंड्या

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरपेठेत राहायचो, अजूनही तिथंच आहोत. मी मराठी शाळेत गणित शिकवायची. आमचे हे, वसंतराव, एका सरकारी कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. कारखाना आवरता घ्यायचं ठरलं आणि यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घेतली म्हणजे काय, घ्यायला लागली. वय बावन्न. निरोपाच्या दिवशी हार, नारळ आणि एक घड्याळ मिळालं, आणि हे घरी आले ते एका पिशवीत मांजराचं पिल्लू घेऊन. स्टोअरमधल्या मांजरीचं होतं. कारखाना बंद झाल्यावर त्याला कोण बघणार, म्हणाले.

मी म्हटलं, आता हे एक काय नवीन! पण ते राहिलं. पिवळं, गोल, सुस्त. नाव पडलं गुंड्या. मुलगा श्रीकांत तोवर कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला होता, मी दिवसभर शाळेत, म्हणजे घरात हे आणि गुंड्या दोघंच. सकाळी यांचा चहा झाला की बशीत थोडं दूध, त्यात पोळीचा कुस्करा. हे पेपर वाचायचे, तो बशी चाटायचा. पाच-सहा वर्षं हा क्रम चुकला नाही.

निदान

गुंड्या पाणी फार प्यायला लागला. बादलीत तोंड घालून प्यायचा. खायचा राक्षसासारखा आणि वाळत चालला. पाठीचा कणा हाताला लागायला लागला तेव्हा हे त्याला नामपल्लीच्या बाजूच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. शनिवार होता, मीही गेले.

तिथं रांगेत दोन म्हशी, एक बकरी, एक अल्सेशियन कुत्रा आणि पिशवीत आमचे महाराज. डॉक्टर मध्यमवयीन, तेलुगू. यांना कारखान्यामुळे तेलुगू चांगलं येतं, माझ्याशी ते हिंदीत बोलायचे. तपासलं, लघवी तपासली आणि म्हणाले, "अम्मा, याला शुगर आहे." मी हसले ती तेव्हाच.

मग त्यांनी जे सांगितलं त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. म्हणाले, "मी म्हशींचा डॉक्टर. मांजराची शुगर मी कॉलेजात वाचली, हातानं कधी केली नाही. दोन दिवस द्या, माझ्या सरांना विचारून सांगतो." किती डॉक्टर असं म्हणतात? दोन दिवसांनी खरंच सगळं एका कागदावर लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट इन्शुलिन, माणसांचंच. उकडलेलं मांस-मासे. दूध बंद, पोळी बंद.

दूध बंद म्हटल्यावर यांचा चेहरा पडला.

सुई

सुई कशी टोचायची हे मला अख्तरआपांनी शिकवलं. आपा आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून. त्यांना स्वतःला पंधरा वर्षांपासून मधुमेह.

"क्या टीचर, बिल्ली कू बी शुगर होता?" असं म्हणून त्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग उठून आपला डबा घेऊन आल्या. कातडी चिमटीत कशी धरायची, हवेचा बुडबुडा कसा काढायचा, सगळं एका वांग्यावर करून दाखवलं. "डरना नक्को. डरे तो हाथ कापता, हाथ कापा तो दुखता."

हे सुईला घाबरायचे. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या, मोजमापाचं काम आहे, मीच करीन. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. दोन युनिट म्हणजे दोन रेघा, नेमक्या. वर्गातल्या चाळीस पोरांपेक्षा सोपं.

साखर उतरली की नाही हे बघायला शाळेच्या प्रयोगशाळेतून मी दोन परीक्षानळ्या आणि ते निळं द्रावण मागून आणलं. लघवीचे आठ थेंब घालून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत विटकरी झालं तर भरपूर. आता मांजराची लघवी गोळा कशी करणार? ते काम यांचं. जुनी पळी हातात घेऊन गुंड्याच्या मागे मागे अंगणभर फिरायचे. तो थांबला की हे थांबायचे, तो वळून बघायचा की हे आकाशाकडे बघायचे. आपा भिंतीवरून बघून हसून हसून बेजार.

पहिले दोन आठवडे विटकरी. मग नारिंगी, मग पिवळा. एका रविवारी स्पष्ट हिरवा आला. मी ती नळी घेऊन आपांना दाखवायला धावत गेले. कुणाच्या लघवीची नळी घेऊन मी याआधी कधी धावले नव्हते.

अमेरिकेच्या सुया

आपल्याकडची सुई तेव्हा जाड असायची. गुंड्या टोचताना ओरडायचा. फोनवर श्रीकांतला हे सांगितलं तर महिन्याभरात त्याचा मित्र डबा घेऊन हजर. शंभर सिरिंज, केसासारख्या बारीक सुया. टोचली तर गुंड्याला कळलंसुद्धा नाही, कान तेवढा हलवला.

मी अगदी हरखून गेले. स्टाफरूममध्ये नेऊन दाखवल्या. त्या दिवसांत बाहेरून आलेली वस्तू म्हणजे चांगलीच असणार यात कुणाला शंका नव्हती. सुलतान बाजारात दुकानदारसुद्धा "फॉरेन का है" एवढंच म्हणायचा आणि आपण पिशवी पुढे करायचो.

दूध

चारच दिवसांत नळी पुन्हा नारिंगी झाली. मग विटकरी. डॉक्टरांनी अडीच युनिट करायला सांगितलं, तरी विटकरीच.

मी शांतपणे विचार केला. म्हणजे मला तसं वाटत होतं. औषध तेच, रेघा मी मोजते, त्यात चूक शक्य नाही. मग साखर येते कुठून? दिवसभर घरी कोण असतं?

संध्याकाळी मी यांना सरळ विचारलं, "दूध देता ना त्याला?"

"नाही गं."

"खरं सांगा."

"अगं, नाही म्हणतोय ना."

"मग ही साखर काय आभाळातून पडते? दिवसभर घरी बसून तुम्हाला दुसरा उद्योग काय आहे? लाड करायचे, झालं. मरेल तो तुमच्या लाडानं!"

हे काहीच बोलले नाहीत. उठून अंगणात गेले. मला ते गप्प बसणं म्हणजे कबुलीच वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी दूध घरात ठेवणंच बंद केलं. सकाळी पिशवी आली की माझ्या चहापुरतं काढून बाकीचं आपांच्या फ्रिजमध्ये. माझ्याच नवऱ्यापासून दूध लपवून मी शेजारी ठेवत होते. हे दोन आठवडे कोरा चहा प्यायले. एकदाही दूध मागितलं नाही.

आणि नळी विटकरीच. तेव्हा मला वाटलं, बाहेरून आणून देत असतील. माणसाचं डोकं एकदा फिरलं की किती फिरतं बघा.

जेवण सुटलं

एका सोमवारी गुंड्यानं ताटलीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं, नखरे. मंगळवारीही नाही. बुधवारी तो मोरीत थंड फरशीवर जाऊन पडला आणि उचललं तर मान लुळी. श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. उलटी झाली, त्यात नुसतं पाणी.

मी शाळेत जायला निघाले होते. हे म्हणाले, "तू जा, मी नेतो." टॉवेलात गुंडाळून रिक्षानं घेऊन गेले.

दुपारी घरी आले तर हे गुंड्याला मांडीवर घेऊन बसलेले. डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं. रोज सकाळी यायला सांगितलं होतं. आणि एक गोष्ट यांनी माझ्याकडे न बघता सांगितली, "दोन-तीन दिवसांत खाल्लं नाही तर अवघड आहे म्हणाले."

ज्यांच्या घरी मांजर जेवायचं थांबलंय त्यांना पुढचे दिवस वेगळे सांगायला नकोत. कोंबडीचं पाणी, माशाचं डोकं, बोटावर तूप, सगळं करून झालं. ताटली त्याच्या नाकाखाली धरायची आणि आपणच श्वास रोखायचा. तो वास घ्यायचा, वाटायचं आता खाईल, आता खाईल, आणि तो डोळे मिटायचा. शेवटी हे बिनसुईच्या मोठ्या पिचकारीनं सूप घ्यायचे आणि थेंब थेंब त्याच्या गालात सोडायचे. अर्धं बाहेर सांडायचं. हे पुसायचे, पुन्हा सोडायचे. "घे रे राजा. एवढं घे." मी दाराशी उभी राहून ऐकायची. मला राग येत होता आणि रडूही येत होतं, आणि आम्ही दोघं एकमेकांशी फक्त "मीठ दे", "दार लाव" एवढंच बोलत होतो.

टोपी

शनिवारी सकाळी हे गुंड्याला घेऊन दवाखान्यात गेले होते. आपा वाडग्यात बकऱ्याच्या पायाचं सूप घेऊन आल्या, गुंड्यासाठी मुद्दाम बिनमसाल्याचं उकळलेलं. टेबलावर माझं सुयांचं सामान पसरलेलं होतं. त्यांनी एक सिरिंज उचलली.

"ये कौनसी सुई है टीचर?"

"अमेरिका से आयी आपा. मुलानं पाठवली."

"इसकी टोपी नारिंगी है." त्यांनी ती उलटसुलट केली. "अपनी तो लाल रहती ना."

मी म्हटलं, रंगाचं काय, कंपनी वेगळी असेल.

"वो मेरेकू नै मालूम. मैं पढी नै टीचर, मेरेकू टोपी का रंग इच मालूम. दुकानवाला बोला था, अम्मा, लाल टोपी देख के लेना, दुसरी लिये तो दवा का हिसाब बिगडता."

हिशेब हा शब्द ऐकून मी ती सिरिंज हातात घेतली. चष्मा लावला. नळीवर बारीक अक्षरांत शंभरचा आकडा होता. इन्शुलिनच्या बाटलीवर चाळीसचा. दोन महिने बाटली रोज माझ्या हातात होती. जुनी लाल टोपणाची एक सिरिंज डब्यात उरली होती, तिच्यावरही चाळीस.

गणित सातवीचं आहे. आपलं औषध एका मिलिलिटरला चाळीस युनिटचं, आणि अमेरिकेतली सिरिंज शंभरच्या औषधासाठी आखलेली. तिथल्या दोन रेघांत आपलं औषध एक युनिटसुद्धा भरत नव्हतं. मी रेघा अचूक मोजत होते आणि गुंड्याला रोज निम्म्याहूनही कमी औषध देत होते. डॉक्टरांनी वाढवलेला अर्धा युनिट तर त्यात कुठच्या कुठे.

मी खुर्चीत बसले. आपा घाबरल्या, "क्या हुआ? चक्कर आयी क्या?" मी म्हटलं, "आपा, मीच केलं हे. मेरी गलती है." त्यांनी मला पाणी पाजलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "रोना बाद में. पैले जाके डॉक्टर कू बोलो."

बाटली

दवाखान्यात सलाईनची बाटली टांगायला जे स्टँड होतं ते म्हशीच्या मापाचं, अंगणात. मांजरासाठी काहीच नाही. म्हणून हे बाकावर बसून, मांडीवर गुंड्या आणि उजव्या हातात बाटली उंच धरून बसले होते. रोज तासभर तसेच बसायचे. मला ते माहीत नव्हतं. यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

मी डॉक्टरांना दोन्ही सिरिंज दाखवल्या, यांच्यासमोरच. काय झालं ते सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण स्वतःच्या. म्हणाले, "मी एकदा सिरिंज बघायला हवी होती." मग म्हणाले, "अम्मा, ही चांगली बातमी आहे. कारण सापडलं. मला वाटत होतं औषधच चालत नाहीये, आणि मग माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."

त्यांनी तिथंच लाल टोपणाच्या सिरिंजनं औषध दिलं.

मी यांच्याजवळ गेले. हात कधीचा वर होता कोण जाणे. म्हटलं, "द्या, मी धरते."

"राहू दे. हलवलं तर सुई निघेल," म्हणाले. मी शेजारी बसले. बाटली संपेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. समोर एक म्हैस रवंथ करत होती.

पहिला घास

तीन दिवस लागले. मंगळवारी सकाळी मी शाळेची साडी नेसत होते आणि स्वयंपाकघरातून यांची हाक आली, "अगं, इकडे ये. हळू ये."

गुंड्या उभा होता. पाय लटपटत होते, पण उभा होता. समोर आपांच्या सुपाची वाटी. त्यानं एकदा जीभ लावली, थांबला, पुन्हा लावली. मग चप चप चप असा तो आवाज सुरू झाला. आम्ही दोघं फरशीवर बसलो आणि हलायची हिंमत होईना. मी शाळेला उशिरा गेले. चोवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

महिन्यानं नळीत हिरवा रंग आला. त्यानंतर गुंड्या आणखी चार वर्षं जगला, आणि मधुमेहानं नाही, म्हातारपणानं गेला. त्या चार वर्षांसाठी मी कुणाकुणाचे आभार मानू? डॉक्टरांचे, आपांचे, सुपाचे, श्रीकांतचेही. त्या पोरानं बिचाऱ्यानं प्रेमानंच पाठवल्या होत्या. नारिंगी टोपणाच्या उरलेल्या सिरिंज मी सुई मोडून प्रयोगशाळेला देऊन टाकल्या, शाई मोजायला. तुम्ही मात्र हे एक करा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून बघा. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला बघायला लावा. आमच्याकडे त्यानंतर मी औषध भरायची, हे चष्मा लावून तपासायचे आणि टोचायचेही हेच. सुईची भीती कुठे गेली, त्यांनाही कळलं नाही.

सातवी ब

एक गोष्ट राहिली आहे आणि ती सांगितली नाही तर हे सगळं लिहिणं लबाडीचं होईल.

गुंड्या बरा झाला त्या हिवाळ्यात सातवी ब ला प्रमाण शिकवताना मी हेच उदाहरण फळ्यावर घातलं. चाळीसची बाटली, शंभरची सिरिंज, दोन रेघा भरल्या तर औषध किती? पोरांनी सोडवलं. मग मी गोष्ट सांगितली, एका बाईंची म्हणून. दुधाचंही सांगितलं. पोरं हसली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, ती बाई कोण?"

"मी," म्हटलं.

पुढच्या बाकावर एक काटकुळी मुलगी बसायची, कधी बोलायची नाही. तिनं हात वर केला. "बाई, मग तुम्ही काकांना सॉरी म्हटलं?"

मी खडू ठेवला. डॉक्टरांना सांगून झालं होतं, आपांसमोर रडून झालं होतं, आता चाळीस पोरांसमोरही कबूल करून झालं होतं. यांना मी काहीच म्हटलं नव्हतं. यांच्या चहात मी पुन्हा दूध घालायला लागले होते, तेवढंच. मला वाटलं होतं, त्यात सगळं आलं.

संध्याकाळी घरी आले. हे अंगणात बसून गुंड्याच्या मानेला कंगवा करत होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हटलं, "माझं चुकलं हो. तुम्ही दूध देत नव्हता आणि मी वाट्टेल ते बोलले. घरी बसण्यावरून बोलले. ते तर बोलायलाच नको होतं."

यांचा कंगवा थांबला. मग म्हणाले, "एकदा दिलं होतं."

"काय?"

"दूध. तुझ्या त्या सुया आल्या ना, त्याच आठवड्यात. एक चमचा. बशीशी येऊन बसला होता, मला बघवलं नाही." कंगव्यातले केस काढता काढता म्हणाले, "मग नळी विटकरी झाली, पुढे तो जेवेनासा झाला. मला वाटलं, त्या चमच्यानंच झालं. तू म्हणत होतीस ते खरंच आहे, म्हणून गप्प बसलो. अजूनसुद्धा कधी कधी वाटतं."

म्हणजे तो कोरा चहा, ती हातात धरलेली बाटली, ते थेंब थेंब सूप, सगळं हा माणूस आपणच त्याला मरणाच्या दारात नेलं असं समजून करत होता.

मी तिथंच, चपलांसकट, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"एका चमच्यानं काही होत नाही हो," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पटलं नव्हतं. म्हणून मी त्यांच्या हातातून कंगवा काढून घेतला आणि कागद-पेन्सिल आणायला लावली. मग एका चमच्यात साखर किती, तिला औषध किती पुरतं, हे सगळं त्यांच्यासमोर मांडून, उत्तराखाली दोन रेघा मारून दाखवलं.